जुने जहाज बुडवून रीफ तयार करणे : सोय कोणाची, समुद्राची की जहाजमालकाची?

१७ मे २००६ रोजी फ्लोरिडातील पेन्सकोलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, मेक्सिकोच्या आखातात, अमेरिकी नौदलाचे ‘ओरिस्कनी’ हे विमानवाहू जहाज मुद्दाम बुडवण्यात आले. आतून पेरलेल्या स्फोटकांनी जहाजाच्या तळाला भोके पडली आणि सुमारे २७५ मीटर लांबीचे ते जहाज ३७ मिनिटांत पाण्याखाली जाऊन सुमारे ६५ मीटर खोलीवर सरळ बसले. कोरिया आणि व्हिएतनाम अशी दोन युद्धे पाहिलेले हे जहाज १९७६ मध्येच सेवेतून निवृत्त झाले होते. १९९५ मध्ये ते भंगारासाठी विकले गेले, परंतु तोडण्याचे काम पार न पडल्याने १९९७ मध्ये नौदलाने ते परत ताब्यात घेतले. निवृत्तीपासून समुद्रतळ गाठेपर्यंत तीस वर्षे गेली. जुन्या जहाजाची विल्हेवाट लावणे किती अवघड असते, हे या तीस वर्षांवरूनच लक्षात यावे.

अशा प्रकारे बुडवलेल्या जहाजाला ‘कृत्रिम रीफ’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘कृत्रिम प्रवाळभित्ती’ असा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो थोडा फसवा आहे. प्रवाळ हे सजीव स्वतःच्या चुनखडीच्या सांगाड्यांतून जी भिंत उभी करतात, ती प्रवाळभित्ती होय. बुडवलेल्या जहाजावर उष्ण समुद्रात काही प्रवाळ वाढतात हे खरे असले, तरी इंग्लंडच्या थंड पाण्यात बुडवलेल्या जहाजावर भित्ती बांधणारे प्रवाळ वाढत नाहीत, आणि तरीही त्याला रीफच म्हणतात. इथे रीफ म्हणजे समुद्रतळावर मुद्दाम ठेवलेली अशी कठीण व उंचसखल रचना, जिच्यावर सजीवांना चिकटता येते आणि जिच्या आडोशाला राहता येते. म्हणून या लेखात मी ‘रीफ’ हाच शब्द वापरतो.

प्रश्न असा आहे की, जहाज बुडवणे ही समुद्रासाठी केलेली गोष्ट आहे, की नकोशा झालेल्या वस्तूपासून सुटका करून घेण्याचा तो एक मार्ग आहे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. परंतु कोणती आधी आणि कोणती नंतर, यावर पुढचे सगळे ठरते, असे माझे मत आहे.

आधी जहाजमालकाची बाजू समजून घेऊ. मालवाहू जहाज साधारणपणे पंचवीस-तीस वर्षे चालते. त्यानंतर त्याची दुरुस्ती परवडेनाशी होते, पण त्याच्या पोलादाला किंमत असते. म्हणून बहुतेक व्यापारी जहाजे जहाजतोडणीच्या यार्डात विकली जातात आणि त्यातून मालकाला पैसेच मिळतात. भारतातील अलंग, बांगलादेशातील चट्टोग्राम, पाकिस्तानातील गडानी आणि तुर्कस्तानातील अलियागा ही या व्यवसायाची मोठी केंद्रे आहेत. असा मालक आपले जहाज रीफसाठी फुकट देण्याची शक्यता फारच कमी. रीफसाठी पुढे येतात ती प्रामुख्याने सरकारी जहाजे : युद्धनौका, सैनिक व रसद वाहणारी जहाजे, प्रशिक्षण जहाजे. युद्धनौका तोडणे कष्टाचे काम असते, कारण तिच्यात शेकडो लहान कप्पे असतात, जागोजागी केबलींचे जाळे असते आणि जुन्या काळातील घातक पदार्थ भिंतीभिंतींत भरलेले असतात. शिवाय अमेरिकेत पीसीबी नावाची रसायने असलेली वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर कायद्याने कडक बंधने आहेत, त्यामुळे स्वस्त परदेशी यार्डाचा रस्ताही अशा जहाजांना सहजासहजी खुला नसतो.

मग ही जहाजे नुसती नांगरून ठेवली जातात. व्हर्जिनियातील जेम्स नदी, टेक्सासमधील बोमाँट आणि कॅलिफोर्नियातील सुसून उपसागर येथे अमेरिकेच्या राखीव ताफ्यातील जहाजे अशी वर्षानुवर्षे उभी राहिली. नांगरलेले जहाज स्वस्थ दिसते, पण ते स्वस्थ नसते. त्याचा पत्रा गंजत असतो, रंगाचे पापुद्रे पाण्यात पडत असतात, टाक्यांत राहिलेले तेल गळण्याची धास्ती असते आणि पहारा-देखभालीचा खर्च दर वर्षी चालूच राहतो. २००१ मध्ये रँड या संशोधन संस्थेने अमेरिकी सरकारच्या अशा जहाजांचा अभ्यास करताना चार पर्याय तपासले : दीर्घकाळ साठवण, देशात तोडणी, परदेशात तोडणी आणि रीफ. पुढील अभ्यासासाठी व प्रत्यक्ष वापरासाठी देशातील तोडणी व रीफ हे दोन पर्याय तिला अधिक आश्वासक वाटले. म्हणजे रीफ ही कल्पना धोरणाच्या चर्चेत आली ती समुद्राच्या गरजेतून नव्हे, तर साठून राहिलेल्या जहाजांच्या ओझ्यातून. यात गैर काही नाही. मात्र कल्पनेचा उगम लक्षात ठेवला, तर तिच्या प्रचारातील भाषा नीट वाचता येते.

तसे पाहिले तर हा प्रकार त्याही आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजांपैकी उरलेली काही जहाजे किनारी राज्यांना रीफसाठी देता यावीत, म्हणून अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा केला आणि त्या दशकात आखाताच्या व अटलांटिकच्या किनाऱ्यावर अशी बरीच जहाजे बुडवली गेली.

आता समुद्राची बाजू. समुद्रतळाचा फार मोठा भाग वाळूचा किंवा गाळाचा असतो. बार्नेकल (खडकाला वा जहाजाला घट्ट चिकटणारे लहान कवचधारी जीव), कालवे, स्पंज, समुद्रफुले, प्रवाळ अशा सजीवांची अळी काही काळ पाण्यात तरंगते आणि मग तिला कायमचे चिकटायला कठीण पृष्ठभाग लागतो. वाळूवर तिचा निभाव लागत नाही. जहाज तळाशी बसले की पहिल्या काही दिवसांतच त्याच्या पत्र्यावर जिवाणूंचा व सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत थर चढतो. त्यावर बार्नेकल, नळीत राहणारे कृमी, शिंपले येतात, मग स्पंज आणि मऊ प्रवाळ. मासे तर याहूनही लवकर येतात, कारण त्यांना अन्नाआधी आडोसा हवा असतो. जहाजाची उंची हाही एक मोठा गुण आहे. सपाट तळावर वीस-तीस मीटर उंचीची भिंत उभी राहिली की प्रवाह तिला आदळून वळतो, भोवरे तयार होतात, तरंगते सूक्ष्म जीव त्या जागी गोळा होतात, आणि ते खाणारे लहान मासे व त्यांना खाणारे मोठे मासे असा क्रम लागतो. इंग्लंडमधील कॉर्नवॉलजवळ व्हिटसँड उपसागरात मार्च २००४ मध्ये ‘सिला’ ही निवृत्त फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) सुमारे २४ मीटर खोलीवर बुडवली गेली, तेव्हा वैज्ञानिकांना ही सगळी वाढ पहिल्या दिवसापासून पाहण्याची दुर्मीळ संधी मिळाली.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगायला हवे. अशा प्रकल्पांच्या वर्णनात ‘ओसाड वाळू’ हा शब्दप्रयोग फार आढळतो. वाळू ओसाड नसते. तिच्यात कृमी, शिंपले, खेकडे, चपटे मासे यांचे स्वतःचे जग असते. ते फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाही. जहाज ठेवणे म्हणजे रिकाम्या जागेत जीवन आणणे नव्हे, तर एका प्रकारच्या अधिवासाच्या जागी दुसरा आणणे होय. वाळूचा विस्तार मोठा आणि जहाजाचा ठसा लहान असल्याने हा व्यवहार बहुधा परवडतो, पण तो व्यवहार आहे, देणगी नव्हे.

यानंतर येतो या विषयातील सर्वांत जुना आणि अजूनही पूर्ण न सुटलेला वाद. जहाजाभोवती मासे दिसतात हे कोणीच नाकारत नाही. पण ते मासे वाढलेले असतात की नुसते जमलेले? उघड्या माळावर एकच मोठे झाड असेल, तर संध्याकाळी त्यावर शेकडो पक्षी दिसतात. त्यावरून त्या झाडामुळे परिसरातील पक्ष्यांची संख्या वाढली असे म्हणता येत नाही, कारण ते आसपासच्या सगळ्या रानातून तिथे आलेले असतात. तेच झाड त्यांना घरट्यासाठी जागा देत असेल आणि त्या जागेअभावीच आजवर पिल्ले कमी होत असतील, तर मात्र संख्या खरोखर वाढेल. माशांचेही असेच आहे. ज्या जातीची वाढ आडोशाच्या किंवा कठीण तळाच्या अभावाने अडलेली आहे, तिला रीफचा खरा लाभ होतो. ज्या जातीची वाढ अतिमासेमारीमुळे अडलेली आहे, तिला रीफमुळे उलट धोका निर्माण होऊ शकतो, कारण विखुरलेले मासे एका ठिकाणी येतात, त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना माहीत असतात आणि गळ टाकणाऱ्याचे काम सोपे होते. मेक्सिकोच्या आखातातील रेड स्नॅपर या माशाबाबत हा वाद अनेक वर्षे चालू आहे. एकच जहाज एका जातीसाठी पाळणा आणि दुसरीसाठी सापळा ठरू शकते. म्हणून भोवती मासेमारीचे नियम नसलेल्या रीफला मत्स्यसंवर्धनाचा प्रकल्प म्हणणे मला पटत नाही.

एवढे झाल्यावर मूळ मुद्द्याकडे, म्हणजे सफाईकडे येऊ. जहाज बुडवणे हा या कामाचा सर्वांत देखणा पण सर्वांत लहान भाग आहे. खरे काम त्याआधी गोदीत अनेक महिने चालते आणि बहुतेक पैसा तिथेच खर्च होतो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आणि सागरी प्रशासन यांनी २००६ मध्ये रीफसाठी जहाज कसे तयार करावे याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत इंधन व तेल, ॲस्बेस्टॉस, पीसीबी, रंग, सुटा व तरंगणारा कचरा, आणि पारा वा शीतकरण वायूंसारखे इतर घातक पदार्थ अशा गटांचा विचार आहे.

तेलाचा प्रश्न समजायला सोपा आहे. टाक्या, नळ, पंप, यंत्रांच्या तळाशी साचलेले पाणी हे सगळे रिकामे करून पुसून घ्यावे लागते. ॲस्बेस्टॉस पूर्वी बाष्पकांभोवती आणि नळांभोवती उष्णतारोधक म्हणून गुंडाळत असत. त्याचा धोका मुख्यतः हवेत उडणारे तंतू श्वासातून फुफ्फुसात जाण्याचा असल्याने, पाण्याखाली जे घट्ट व न हललेले राहील ते काही अटींवर तसेच ठेवता येते. परंतु स्फोटाने जे सुटे होईल किंवा तरंगून वर येईल ते आधी काढावे लागते. रंगात शिसे असू शकते आणि तळाच्या रंगात बार्नेकल चिकटू नयेत म्हणून घातलेली विषे असतात. त्यांतील ट्रायब्युटिलटिन हे सागरी जीवांना इतके घातक ठरले की २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्यासारख्या रंगांवर बंदी आली आणि तो करार २००८ मध्ये लागू झाला. जीव चिकटू नयेत म्हणून लावलेला रंग अंगावर घेऊन जहाज रीफ कसे होईल, हा विरोध उघड आहे; म्हणून तो रंग अजून प्रभावी आहे का हे तपासून गरज पडल्यास तो काढणे आवश्यक असते.

सर्वांत अवघड प्रश्न पीसीबीचा. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे त्याचे पूर्ण नाव. ही रसायने सहसा जळत नाहीत, विजेला दाद देत नाहीत आणि वर्षानुवर्षे बिघडत नाहीत, म्हणून विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत ती केबलीच्या आवरणात, रबरी गॅस्केटमध्ये, रंगात, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सगळीकडे वापरली गेली. न बिघडण्याचा हाच गुण पुढे दोष ठरला. पीसीबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र विरघळतात. सूक्ष्म जीवाच्या शरीरात ते अल्प प्रमाणात शिरतात, त्याला खाणाऱ्याच्या शरीरात अधिक साठतात, मोठ्या माशात त्याहून अधिक, आणि तो मासा खाणाऱ्या पक्ष्याच्या, सागरी सस्तन प्राण्याच्या किंवा माणसाच्या शरीरात आणखी अधिक. कर्करोगाचा धोका आणि वाढत्या गर्भावर होणारे परिणाम यांमुळे अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबवले आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर त्यांचा वापर संपवण्याची दिशा ठरली. पण बंदीपूर्वी बांधलेल्या जहाजांत ते भिंतींआड तसेच आहेत. अमेरिकी नियमांनुसार दशलक्ष भागांत ५० भाग किंवा त्याहून अधिक पीसीबी असलेले घन पदार्थ काढावे लागतात, अन्यथा विशेष परवानगी लागते. हे वाक्य कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की एका जहाजातील शेकडो किलोमीटर केबलींपैकी कोणत्या केबलीत किती पीसीबी आहेत याचे नमुने घ्यायचे आणि दोषी केबली अरुंद कप्प्यांतून ओढून बाहेर काढायच्या.

या कामाचा आवाका एका उदाहरणाने स्पष्ट होतो. ‘जनरल हॉइट एस. व्हँडेनबर्ग’ हे क्षेपणास्त्रांचा माग ठेवणारे सुमारे १६० मीटर लांबीचे जहाज २७ मे २००९ रोजी फ्लोरिडातील की वेस्टजवळ सुमारे ४३ मीटर खोलीवर बुडवले गेले. बुडायला त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्याआधी व्हर्जिनियातील नॉरफोकच्या गोद्यांत त्यातून १० टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस आणि ८ लाख फुटांहून अधिक विद्युत तारा काढण्यात आल्या. संपूर्ण प्रकल्पाचा खर्च सुमारे ८६ लाख डॉलर झाला आणि त्यातील मोठा वाटा सफाईवरच गेला.

‘ओरिस्कनी’च्या बाबतीत मात्र सगळ्या पीसीबी काढल्या गेल्या नाहीत. ज्या केबली काढायच्या तर जहाजच उलगडावे लागले असते, त्या आत राहिल्या आणि त्यांच्यासह ३०० किलोंहून अधिक पीसीबी तळाशी गेल्या. पीसीबी किती वेगाने झिरपतील याचे प्रयोग आणि गणिती प्रारूप नौदलाने सादर केले, आणि धोका स्वीकारार्ह असल्याचे मानून पर्यावरण संस्थेने परवानगी दिली. पुढे फ्लोरिडा राज्याने तेथील माशांचे नमुने नियमितपणे तपासले. पहिल्या काही वर्षांतील काही माशांत पीसीबीचे प्रमाण तपासणीसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर आढळले आणि नंतरच्या फेऱ्यांत सरासरी खाली येत गेली. या निष्कर्षाकडे दोन्ही बाजू आपापला पुरावा म्हणून पाहतात. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते : नमुने घेतले गेले म्हणून ही चर्चा आकड्यांवर होऊ शकली. त्यानंतर २०१२ मध्ये अमेरिकेच्या सागरी प्रशासनाने १९८५ पूर्वी बांधलेली आपली जहाजे रीफसाठी विचारात न घेण्याचे धोरण स्वीकारले. साठून राहिलेल्या जुन्या जहाजांच्या ओझ्यावर उपाय म्हणून जी कल्पना पुढे आली, ती नेमक्या त्याच जुन्या जहाजांना लागू होत नाही, हे त्या धोरणाने मान्य केले.

ऑस्ट्रेलियातील ‘एचएमएएस ॲडलेड’ या फ्रिगेटची हकीकतही सांगण्यासारखी आहे. न्यू साउथ वेल्समधील ॲव्होका किनाऱ्याजवळ ती बुडवण्याची तयारी झाली, तेव्हा तेथील रहिवाशांच्या एका गटाने लवादाकडे दाद मागितली. लवादाने प्रकल्प रद्द केला नाही, पण आणखी तारा काढण्यासारख्या जादा सफाईच्या अटी घातल्या, आणि त्या पूर्ण झाल्यावर १३ एप्रिल २०११ रोजी ती बुडवली गेली. प्रकल्प लांबला, खर्च वाढला आणि समुद्रात कमी विष गेले. अशा विलंबाला मी अडथळा म्हणणार नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण आणणारा लंडन करार १९७२ चा आणि त्याला जोडलेला अधिक कडक पूरक करार १९९६ चा. या दोन्हींत असे म्हटले आहे की, केवळ विल्हेवाट लावणे हा हेतू नसताना एखादी वस्तू समुद्रात ठेवली आणि तसे करणे कराराच्या उद्दिष्टांविरुद्ध नसेल, तर ते ‘टाकणे’ ठरत नाही. रीफची सगळी कायदेशीर इमारत ‘केवळ विल्हेवाट’ या दोन शब्दांवर उभी आहे. हेतू तर मनात असतो आणि कागदावर तो कसाही लिहिता येतो. म्हणून २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटना व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी रीफच्या उभारणीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, ज्यामुळे उद्देश, जागा, साहित्य आणि नंतरची देखरेख यांची तपासणी करता येते. ईशान्य अटलांटिकच्या ऑस्पार करारातील देशांनी अधिक कडक भूमिका घेतली. तेथे जहाजे समुद्रात टाकण्याची मुभा २००४ च्या अखेरीस संपली आणि रीफसाठी टाकाऊ साहित्य वापरू नये अशी दिशा ठरली.

याउलट टोकाचे उदाहरण म्हणजे ब्राझीलचे ‘साओ पाउलो’ हे विमानवाहू जहाज. तोडणीसाठी ते तुर्कस्तानकडे निघाले होते, पण ऑगस्ट २०२२ मध्ये तुर्कस्तानने परवानगी मागे घेतली. परतल्यावर ब्राझीलच्या बंदरातही त्याला जागा मिळाली नाही, आणि अखेर ३ फेब्रुवारी २०२३ रोजी किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटरवर, सुमारे ५,००० मीटर खोल पाण्यात ते ॲस्बेस्टॉससह बुडवण्यात आले. तिथे ना प्रकाश पोहोचतो, ना पाणबुडे, ना देखरेख. त्याला कोणी रीफ म्हटले नाही, हे योग्यच झाले. ‘साओ पाउलो’ आणि ‘ओरिस्कनी’ यांच्यातील फरक जहाजांचा नाही. तो बुडवण्याआधी काय काढले, कोठे ठेवले आणि नंतर कोण पाहत राहिले, यांचा आहे.

जहाज प्रत्यक्ष बुडवणे हे अभियांत्रिकीचे नाजूक काम आहे. पाणी सगळ्या कप्प्यांत सारख्या गतीने शिरावे म्हणून आतील भिंतींत भोके पाडतात, कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वरच्या डेकला वाटा ठेवतात, वरून जाणाऱ्या जहाजांना अडथळा होऊ नये म्हणून उंच डोलकाठ्या कापतात, आणि मग जलरेषेखाली मोजक्या स्फोटकांनी छिद्रे पाडतात. एका बाजूला पाणी आधी भरले तर जहाज कलंडते. फ्लोरिडातील की लार्गोजवळ १७ मे २००२ रोजी ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे १५५ मीटर लांबीचे जहाज ठरलेल्या वेळेआधीच बुडू लागले आणि उलटे होऊन त्याचा पुढचा भाग पाण्याबाहेर राहिला. जूनमध्ये ते बरीच खटपट करून कुशीवर आडवे करण्यात आले. तीन वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, ‘डेनिस’ चक्रीवादळाच्या लाटांनी ते कुशीवरून उठवून सरळ बसवले. हजारो टनांचे जहाज चाळीस मीटर पाण्याखालीही वादळाच्या आवाक्याबाहेर नसते, हे त्यातून कळले. ‘ओरिस्कनी’ही २००८ च्या ‘गुस्ताव’ चक्रीवादळानंतर तळात आणखी सुमारे तीन मीटर रुतल्याचे आढळले.

म्हणूनच जागेची निवड महत्त्वाची ठरते. नैसर्गिक खडकावर किंवा प्रवाळावर जहाज ठेवायचे नसते, ते वादळात सरकून त्यांच्यावर जाणार नाही एवढे अंतर राखायचे असते, तळ इतका मऊ नसावा की जहाज गाळात गडप होईल, आणि जलमार्ग व पाइपलाइन दूर असाव्यात. याच फ्लोरिडात १९७२ मध्ये फोर्ट लॉडरडेलजवळ लाखो जुने टायर रीफ म्हणून समुद्रात टाकले गेले होते. त्यांना बांधणारे पट्टे गंजून तुटले, टायर वाहू लागले, जवळच्या खऱ्या प्रवाळावर आदळले आणि त्यांच्यावर टिकून काही वाढलेच नाही. २००७ पासून लष्करी पाणबुडे ते बाहेर काढू लागले. टाकणे सोपे, काढायला मात्र अनेक वर्षे. त्या प्रकल्पाच्या वेळीही सगळ्यांचा हेतू चांगलाच होता.

पोलादाचाही स्वतःचा परिणाम असतो आणि तो पाण्याच्या जातीवर अवलंबून असतो. प्रशांत महासागरातील पामायरा या दुर्गम प्रवाळबेटाजवळ १९९१ मध्ये एक मासेमारी जहाज अपघाताने फुटून पडले. तेथील पाण्यात लोह फारच कमी असते. जहाजातून झिरपणाऱ्या लोहामुळे प्रवाळासारखाच दिसणारा एक आक्रमक जीव इतका फोफावला की त्याने भोवतालचे खरे प्रवाळ झाकून टाकले, आणि अखेर अमेरिकी शासनाला ते अवशेष उचलून न्यावे लागले. मेक्सिकोच्या आखातासारख्या नद्यांचे पाणी येणाऱ्या समुद्रात लोहाची अशी टंचाई नसते, त्यामुळे तिथे हा धोका तितका नाही. तिथे चिंता वेगळी आहे : बाहेरून आलेला लायनफिश हा शिकारी मासा कृत्रिम रचनांभोवती नैसर्गिक खडकांपेक्षा दाट संख्येने आढळतो. एका समुद्रात यशस्वी ठरलेला प्रकल्प दुसऱ्या समुद्रात जसाच्या तसा उचलता येत नाही, तो यामुळेच.

पाणबुड्यांना मात्र ही जहाजे निर्विवाद प्रिय आहेत, आणि त्यांच्यामुळे किनाऱ्यावरील गावांना मिळणारे उत्पन्न हेच अनेक प्रकल्पांचे खरे इंधन असते. नैसर्गिक प्रवाळांवरील गर्दी यामुळे काही प्रमाणात दुसरीकडे वळते, हाही लाभ मानला जातो. पण जहाजाचे अंतरंग म्हणजे गाळाने अंधारलेला चक्रव्यूह असतो. ‘स्पीगल ग्रोव्ह’च्या आत २००७ मध्ये तीन पाणबुड्यांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याच्या वाटा आधीच कापून ठेवल्या तरी वर्षानुवर्षे गंजणारे छत कधी खाली येईल हे सांगता येत नाही, म्हणून जुन्या होत जाणाऱ्या जहाजांच्या आत जाऊ नये असा इशारा देण्याची वेळ येते.

आता हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. रीफसाठी जहाज जितके स्वच्छ करावे, तितके ते तोडणीसाठीही सोपे होत जाते, कारण तोडणीतील सर्वांत घातक आणि खर्चिक भाग तोच असतो. स्वच्छ केलेले हजारो टन पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते आणि तेवढी खनिजे खणावी लागत नाहीत. तेव्हा स्वस्त पडते म्हणून बुडवायचे, हा युक्तिवाद फक्त अर्धवट सफाई केली तरच टिकतो, आणि अर्धवट सफाई केलेले जहाज रीफ होण्यास पात्र नसते. याचा अर्थ रीफची कल्पना चुकीची आहे असा नाही. याचा अर्थ असा की, तिचे समर्थन समुद्राच्या बाजूने करता आले पाहिजे : या ठिकाणी कठीण तळाची उणीव आहे, या जातींना तिचा लाभ होईल, मासेमारीचे हे नियम असतील, पुढची इतकी वर्षे हे नमुने तपासले जातील आणि त्याचा खर्च अमुक जण उचलेल. एवढे सांगता आले तर जहाज बुडवावे. सांगता आले नाही तर ते तोडावे, आणि तोडणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेवर तो पैसा खर्च व्हावा. जहाजतोडणीसाठीचा २००९ चा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी लागू झाला आहे, त्यामुळे त्या वाटेवरही आता काही नियम उभे राहत आहेत. शिवाय दर वर्षी शेकडो मोठी जहाजे निवृत्त होतात आणि त्यांतील मोजकीच रीफ होतात. जगाच्या जहाजतोडणीचा प्रश्न रीफने सुटणार नाही.

या सगळ्याची पुढची मोठी परीक्षा ‘एसएस युनायटेड स्टेट्स’ या प्रवासी जहाजाच्या रूपाने समोर आहे. १९५२ मध्ये पहिल्याच सफरीत अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम करणारे, सुमारे ३०० मीटर लांबीचे हे जहाज अनेक वर्षे फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उभे होते. फ्लोरिडातील ओकालूसा काउंटीने ते २०२४ मध्ये जगातील सर्वांत मोठा कृत्रिम रीफ करण्यासाठी विकत घेतले आणि मार्च २०२५ मध्ये ते सफाईसाठी अलाबामातील मोबाईल या शहराच्या बंदरात आणले गेले. त्यातील ॲस्बेस्टॉसचा बराचसा भाग १९९४ मध्येच युक्रेनमध्ये काढण्यात आला होता, त्यामुळे मोबाईलमधील कामगारांच्या वाट्याला उरले ते टाक्यांतील इंधन, तारा, रंग आणि कोपऱ्याकोपऱ्यांत राहिलेले बाकीचे पदार्थ.